स्वागतगीताचा अंतरा

आमच्या नवघरच्या सांस्कृतिक महोत्सवाची ‘क्षणचित्रे’ इथल्या साप्ताहिकात सलग नऊ वर्षं मी लिहिली. हौस म्हणून नाही हो. मी बँकेत कारकून, म्हणजे लिहिणारा माणूस, असं समितीने परस्पर ठरवून टाकलं होतं. दर जानेवारीत पाच संध्याकाळी मैदानावर कार्यक्रम चालायचे आणि सहाव्या दिवशी मी ऑफिसात डुलक्या खात क्षणचित्रे खरडायचो. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले. एकांकिकेत मेलेल्या माणसाला शिंक आली आणि पब्लिकने ‘वन्स मोअर’ दिला. बेव्हर्ली पार्कातल्या क्लासच्या मुली कथक करायला आल्या आणि घुंगरं घरीच विसरल्या. वीज गेली तेव्हा भीमगीतांच्या पार्टीने माईकशिवाय अर्धा तास मैदान धरून ठेवलं. शेजारच्या मुर्धा गावच्या बायकांचा नाच सुरू झाला की भेळवालासुद्धा गाडी सोडून पुढे यायचा. हे सगळं मी लिहिलं. माझ्या बायकोबद्दल मात्र एक ओळ नाही, आणि महोत्सवाची सुरुवात दरवर्षी तिच्याच गाण्याने व्हायची.

गिरगावातली खोली सोडून आम्ही इथे आलो ते अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास. तिथे ती गाण्याच्या बाईंकडे अकरा वर्षं शिकली होती. इथे आल्यावर टँकरच्या रांगेत कोण कुणाला विचारतंय, तुम्ही गाता का म्हणून? पहिल्या महोत्सवाला स्वागतगीत म्हणायला कुणी मिळेना, तेव्हा मी तिचं नाव सुचवलं. तिच्या बाईंनी स्वतः बांधलेलं, भूपातलं एक पद होतं, दिवेलागणीचं. तेवढी एक गोष्ट मी चांगली केली. पुढचं सगळं मीच बिघडवलं.

कारण कार्यक्रमपत्रिका माझ्या हातात होती. कुणाला किती वाजता उभं करायचं ते मी ठरवायचो, आणि प्रत्येक ग्रुपला रात्री आठची वेळ हवी असायची. भांडणं, रुसवेफुगवे, ‘आम्हाला काय खुर्च्या मांडायच्या वेळी नाचवता काय?’ त्या सगळ्यांना तोंड देताना मी मनाशी पक्कं केलं होतं की आपल्याच पोळीवर तूप ओढलं असं कुणी म्हणता कामा नये. म्हणून खुर्च्या मांडायच्या वेळी मी माझ्या बायकोला उभं करायचो. आमच्यासारख्या माणसांना ह्याचा केवढा अभिमान! घरच्या माणसाला मागे ठेवलं की झालो आम्ही सज्जन.

साडेपाचला ती पेटी घेऊन बसायची. समोर डेकोरेटरची माणसं खुर्च्यांच्या चवडी सोडवतायत, साऊंडवाला ‘भाभीजी, थोडा माईक के पास’ म्हणून ओरडतोय, पुढच्या रांगेत चार म्हातारे. मुखडा दोनदा व्हायचा आणि फाटकाशी पाहुण्यांची गाडी लागायची. मग मी विंगेतून हात वर करायचो आणि मनगट फिरवायचो. म्हणजे आवर. ती मुखड्यावरच थांबायची, हात जोडायची, पेटी मिटायची आणि खाली उतरायची. त्यानंतर शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन, भाषणं. ते सगळं एक-एक तास चालायचं. तिथे माझा हात कधी वर गेला नाही.

तिसऱ्या वर्षी पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, “अहो, यंदा एकदा पूर्ण गाऊ द्या ना मला. लोक बसल्यावर. दहा मिनिटं फक्त.”

मी म्हटलं, “बघतो.”

चौथ्या वर्षीही ‘बघतो’. पाचव्या वर्षीही. तिने फार मागितलं नव्हतं. पण कंटाळलेल्या माणसाला ‘बघतो’ म्हणणं सोपं जातं. मी तेव्हा खरंच फार थकलेला असायचो; ऑफिस, पाणी, मुलीची शाळा, वर ही समिती. आणि ती? ती त्याच घरात होती, तेच पाणी भरत होती. हे मला सुचलंच नाही. तिचा रियाज चालायचा दुपारी, मी ऑफिसात असताना. मी घरी आलो की कुकर लागायचा आणि रविवारी माझी मीटिंग. सातव्या वर्षापासून तिने विचारायचं सोडलं. मला वाटलं, चला, समजूतदार झाली.

मुर्ध्याच्या नाचाची म्होरकी आमच्या गल्लीत मासे घेऊन यायची. भलतीच रोखठोक बाई. एकदा दारातच मला म्हणाली, “भाऊ, गला एवढा गोड हाय तिचा, आन तुमी तिला खुर्च्यांना ऐकवता? मानसांना न्हाय ऐकवायचं?” मी हसून वेळ मारून नेली. आत बायको बोंबील निवडत होती. तिने मान वर केली नाही.

दहाव्या वर्षी मला कावीळ झाली. ऐन महोत्सवाच्या तोंडावर. डॉक्टरांनी तीन आठवडे अंथरुणातून हलायचं नाही म्हणून दम दिला. समितीची माणसं येऊन कागद घेऊन गेली आणि माझ्यावाचून काही अडलं नाही, ह्याचाही जरा रागच आला. मैदान आमच्या इमारतीच्या मागे. एक भोंगा थेट आमच्या खिडकीकडे तोंड करून. पडल्या पडल्या मी पाहुण्यांची भाषणं ऐकायचो आणि चुका काढायचो.

शेवटच्या दिवशी ती मऊ भात झाकून ठेवून गेली. मुलीलाही बरोबर नेलं. आठ वाजले. निवेदकाने मुर्ध्याच्या नाचाचं नाव पुकारलं, शिट्ट्या झाल्या, आणि ढोलकीऐवजी भोंग्यातून म्होरकीचाच आवाज आला, “थांबा जरा. आमच्या येळातली दहा मिन्टं आमी हिला दिली. ही आमची बाय हाय. अख्खं गानार हाय. मंगच आमी नाचू.”

मी उशीला टेकून उठून बसलो. पेटीचा सूर आला. मग ती. मुखडा एकदा झाला, दुसऱ्यांदा झाला, आणि काय सांगू, त्या अंधाऱ्या खोलीत माझा हात आपोआप वर गेला. मनगट फिरलं. समोर कोणी नव्हतं, भिंतीवर कॅलेंडर होतं.

ती थांबली नाही. अंतरा आला. दहा वर्षांत मी तो कधी ऐकलाच नव्हता. ह्या गाण्याला अंतरा आहे हेच माझ्या डोक्यात नव्हतं. ती वर पंचमावरून षड्जाला गेली आणि तिथे अशी स्थिर राहिली की खालच्या पानटपरीवरची बडबडसुद्धा थांबली. मग टाळ्या. मग ‘वन्स मोअर’. तिने तोच अंतरा पुन्हा घेतला. मला लाज वाटली. रडूही आलं, काविळीत अशक्तपणा असतोच, अशी मी माझी समजूत घातली.

ती घरी आली. मुलगी दमून लगेच झोपली. बायकोने केसांतला गजरा काढून देवापुढे ठेवला, साडीला पिना लावल्या होत्या त्या एकेक काढल्या आणि माझं ताट बघितलं. भात तसाच होता.

“जेवला नाहीत?”

“आवाज येत होता इथपर्यंत,” मी म्हटलं.

तिने भात गरम करायला घेतला. माझ्याकडे पाठ करूनच, अगदी सहज विचारलं, “मग हात नाही केलात?”

“नाही,” मी म्हणालो.

केला होता. ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.