विहिरीतली शीळ

लालबागेतल्या आमच्या गल्लीच्या विहिरीवर दर सोमवारी एक सरकारी माणूस पाणी मोजायला येई. सोडलेली फीत पाण्याला टेकली, की त्याच्या हातातली चकरी बारीक शीळ घाली. शेवाळाच्या ओल्या वासात वाकून, डोळे मिटून, तो ती गाण्यासारखी ऐके. पाणी तांबड्या खुणेखाली गेलं, तर गल्लीतल्या पाणी खेचणाऱ्या सगळ्या मोटारी बंद होणार होत्या. यंदा ते खुणेला टेकलं, आणि नेमकं शेजारच्या काकूंकडे लग्न निघालं.

"भाऊ, लेकीचं लग्न होईपर्यंत पाणी जरा वर लिहून द्या ना!" काकू म्हणाल्या.

तो हसला. "लिहितो की, काकू. कागद मानेल. पण तुमची बादली मानेल काय?"

सारी गल्ली खळखळून हसली. काकू फणकाऱ्याने घरात गेल्या आणि त्यांची मोटार थांबली. मागोमाग एकेक घर शांत झालं. सगळ्यांनी दोरीने, गरजेपुरतंच पाणी शेंदायचं ठरवलं.

पुढच्या सोमवारी शीळ खुणेच्या वर वाजली. फीत गुंडाळत तो म्हणाला, "काकू, आता पत्रिका द्या."

काकूंनी ती लिहूनच ठेवली होती. त्याचं नाव आम्ही कधी विचारलंच नव्हतं. पत्रिकेवर हळदीच्या बोटांनी लिहिलं होतं, 'पाणीवाले भाऊ, सहकुटुंब'.