नाक दाबून बघणारा

आमच्या जे. पी. नगरच्या बागेत येणारा तो आयटीतला मुलगा नशा करायचा, असं लोक म्हणतात. ते खोटं आहे. त्याने स्वप्नात जागं राहायचा, म्हणजे हे स्वप्न आहे हे झोपेतच ओळखायचा, सराव सुरू केला होता. माझ्याशेजारी बसला की नाक दाबून श्वास घेऊन बघायचा. स्वप्नात म्हणे तसाही श्वास घेता येतो. पुढे त्याची खात्रीच पटेनाशी झाली.

“काका, मी जागा आहे ना?”

“छे रे, स्वप्नातच आहेस!” मी दरवेळी हसून म्हणायचो. मला ती गंमत वाटायची.

मग त्याने विचारणं सोडलं.

शेवटी नागपूरहून त्याची आई त्याला घरी न्यायला आली. रडत तिने त्याचा हात धरला. तो कौतुकाने तिच्याकडे बघत मला म्हणाला, “काका, आज आई अगदी हुबेहूब जमलीय.”