मेझुझा काढली त्या दिवशी

साताऱ्यात मला खोली मिळत नव्हती. नोकरी मिळाली होती. पाटबंधारे खात्यात कारकून होतो, आमच्या अख्ख्या भावकीत बी.ए. झालेला पहिला माणूस. पण खोली नाही. मालक आधी खातं विचारत, मग गाव विचारत, आणि गावात घर कुठल्या अंगाला म्हणून विचारलं की बोलणं संपायचं. "पाव्हणं येणार हायती, खोली आमालाच लागंल," हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं की पुढेपुढे मालकानं घसा खाकरला तरी मला ते ऐकू येई. एकाला तर मी म्हणालोही, "पाहुणे आले की माझा नमस्कार सांगा."

मला एकट्याला कुठेही चाललं असतं. खोली हवी होती ती आईसाठी. रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात ती एकटी राहायची आणि लोकांच्या रानात खुरपायला जायची. आम्ही बौद्ध झालो त्याला सहासात वर्षं झाली होती, तरी गाव त्या वस्तीला महारवाडाच म्हणे. तिथून आईला उचलायची आणि शहरात पक्क्या भिंतींच्या घरात आणायची, हे मी मॅट्रिकपासून मनात धरून होतो. दुसरं काही धरलं नव्हतं.

शेवटी घर मिळालं ते एका म्हातारीचं. ती बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडची यहुदी. माणसं मूळची कोकणातली, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी. म्हातारी नऊवारी नेसायची. नवरा ओव्हरसियर होता, तो वारलेला. मुलं इस्राएलला गेलेली. पुढच्या दोन खोल्यांत दिराचं बिऱ्हाड होतं, तेही गेलं. त्या खोल्या तिला भाड्यानं द्यायच्या होत्या. मागच्या अंगाला ती एकटी राहत होती.

तिनं दोनच गोष्टी सांगितल्या. डुकराचं मांस शिजवायचं नाही, आणि शनिवारी रेडिओ मोठ्यानं लावायचा नाही. आडनाव विचारलं नाही. मग मीच सांगितलं, "आम्ही बौद्ध आहोत. आधी महार."

ती म्हणाली, "बरं. नळ सकाळी सहाला येतो. उशीर केलात तर पाणी नाही."

त्या दिवशीच मी तिच्या दोन्ही दारांवर ती वस्तू पाहिली होती. आत शिरताना उजव्या हाताला, चौकटीवर खांद्याच्या वर, बोटाएवढी पितळी नळी ठोकलेली. जाता-येता म्हातारी तिला बोटं लावी आणि बोटं ओठांना टेकवी. बोलण्यातला शब्द तोडायची नाही, हात आपला आपण जाई.

रविवारी आई आली. एक ट्रंक, दोन बोचकी, पाटा-वरवंटा, सगळं हातगाडीवर. आम्ही दारात पोचलो तर म्हातारी स्टुलावर चढून पक्कडीनं आमच्या दारावरच्या नळीचा खिळा उपसत होती.

आईनं विचारलं, "आवं, काय काढताय?"

"मेझुझा. आत कातड्यावर देवाचं वचन असतं, हातानं लिहिलेलं. या दाराला ती आता ठेवता येत नाही."

"का?" मी विचारलं.

"तुम्ही राहायला आलात म्हणून."

"म्हणजे आमच्यामुळं."

"हो, तुमच्यामुळंच." म्हातारीला गोड बोलायची सवय नव्हती. "दार राहणाऱ्याचं असतं. आमच्यातलं कुणी आलं असतं तर हात लावला नसता, तेव्हा काढून नेणं पाप. तुम्ही आमच्यातले नाही, तर काढायची. असा नेम आहे."

नेम तिनं पुरा सांगितला होता, हे आज कळतं. त्या वेळी मला 'आमच्यातले नाही' एवढंच ऐकू आलं. ते ऐकायला माझे कान जन्मापासून तयार होते. मागच्या दारावरची नळी जागच्या जागी होती, आमच्याच दारावरची निघाली. चौकटीचा रंग उन्हानं उतरलेला, नळीखालची पट्टी मात्र ताजी हिरवी होती.

"आमच्यानं देव विटाळतो का तुमचा?"

"अरे, सामान उतरव आधी. मी चहा टाकते, मग बोल."

"आमच्या हातचा तुम्ही प्याल?"

"तू चूल तरी पेटव. मग बघ पिते का नाही."

तिनं ती नळी पांढऱ्या रुमालात गुंडाळली, छातीशी धरली आणि स्टुलावरून उतरायला आईच्या खांद्याचा आधार घेतला. हेही मी पाहिलं. पाहिलं आणि गाडीवाल्याला म्हणालो, "फिरव गाडी."

"आत्ताच आलूया की, सायेब."

आई दाराशी उभी होती. हळू आवाजात म्हणाली, "बाबा, तिनं खिळा काढलाय, भिंत न्हाई काढली. चल आत."

मी ऐकलं नाही. गावात मान खाली घालून जगलो ते शहरात यायचं म्हणून, आणि इथंही दारातच कळवायचं आम्ही कोण? असं काहीतरी मी रस्त्यात उभं राहून बोललो. चांगलं बोललो. आजूबाजूचे चार लोक थांबून ऐकत होते. म्हातारी चौकटीला हात लावून उभी होती.

दुपारच्या एसटीनं आई परत गेली. मी म्हणालो, दुसरं घर बघतो. ती म्हणाली, "बघ."

साताऱ्यात घर मिळालंच नाही, आणि दोन वर्षांनी माझी सांगलीला बदली झाली. तोवर मी शहाणा झालो होतो. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळत नाही. घरमालकांनी गाव विचारलं, मी सांगितलं. "पाटलांच्यातले का?" म्हणून त्यांनी विचारलं आणि मी हसलो. त्यांना जे समजायचं ते त्यांनी समजून घेतलं. दोन खोल्या लगेच मिळाल्या.

आमच्या ऑफिसातले हेडक्लार्क बेने इस्राएल होते. ते रिटायर होऊन क्वार्टर सोडायला निघाले तेव्हा सामान बांधायला मी गेलो. ते एकेका दारावरची नळी उतरवत होते, संडास-मोरी सोडून प्रत्येक दाराची. मी स्टूल धरलं होतं. न राहवून विचारलं, "कुणामुळं काढताय?"

"कुणामुळं म्हणजे? माझ्या जागी नवे हेडक्लार्क येताहेत म्हणून."

ते साहेब चांगले सोवळ्यातले ब्राह्मण होते.

"त्यांच्यामुळं?"

"त्यांना काय ठाऊक हे काय आहे? उद्या रंगारी ह्याच्यावरून ब्रश फिरवील, पोरं उचकटून खेळायला घेतील. आत देवाचं नाव आहे. तो दोष त्यांचा नाही, माझा लागतो."

"आणि येणारा आमच्यातला असता तर?"

माझी जात त्यांना माहीत होती. सर्व्हिस बुक त्यांच्याच कपाटात असे. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "तर काय? पक्कड हीच."

पुढच्या रविवारी मी गावी गेलो आणि आईला सगळं सांगितलं. ती सुपात तुरी निवडत होती. हात थांबला नाही.

"मला तवाच कळलं हुतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. तू लय शिकलेला, ऐकतुयास व्हय कुणाचं? आपुन धम्म घेतला तवा देव्हाऱ्यातलं टाक म्या माझ्या हातानं कृष्णंत सोडलं. खंडोबा, मरीआई, समदं. कुणाचा राग हुता म्हणून न्हवं. ज्या घरात पुजायचं न्हाई तितं देव ठिवू नये. म्हातारीनं बी त्येच केलं."

मी म्हणालो, "झालं ते झालं. आता सांगलीला चल. दोन खोल्या आहेत, नळ आत आहे."

"मालकाला ठावं हाय, आपुन कोण ते?"

मी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

"त्या म्हातारीला ठावं हुतं," आई म्हणाली. "तुज्या मालकानं मला इचारलं, आजी, वाडा कुठला तुमचा, तर काय सांगू?"

"काही सांगू नकोस."

"मग तितं मी कोण म्हणून येऊ?"

तिनं सूप पाखडलं आणि विषय मिटला. साताऱ्याला मी मुद्दाम जाऊन आलो. घर विकलेलं होतं, म्हातारी मुलांकडे गेली होती, आणि नव्या मालकानं दार-चौकटी बदलल्या होत्या. आई गावातच राहिली, शेवटपर्यंत खुरपायला जात राहिली. मी सांगलीच्या त्या दोन खोल्यांत आणखी चार वर्षं काढली. रविवारी तिला भेटायला निघालो की मालक ओसरीवरून विचारत, "काय, गावाकडं?" मी सांगत असे, "होय, जरा शेतावर जाऊन येतो." शेत आमच्या सात पिढ्यांत कुणाचंच नव्हतं.