चार बादल्या खारं पाणी

"समुद्राच्या मासोळ्या होत ह्या, मीठ कमी पडलं असंल. टाकतो मूठभर, वरणात टाकतो तसं," अड्याळच्या आत्या मिठाचा डबा घेऊन येत म्हणाल्या. मोठ्या बाबांच्या तेरवीची जेवणं नुकतीच उरकली होती. बैठकीतल्या काचेच्या टाकीत त्यांचे दोन केशरी मासे तळाशी धापा टाकत होते. मी आत्यांचा हात धरला. डबा काढून घेतला.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. एकोडीला धानाच्या बांध्यांत वाढलेला हा माणूस निवृत्तीनंतर भंडाऱ्यात बादलीत समुद्र कालवत बसायचा. समुद्री मिठाच्या पाकिटावरचं इंग्रजी वाचायला मला बोलवायचे. मी पुटपुटले की म्हणायचे, "मोठ्यानं वाच ना वं, मासोळ्याइले ऐकू येऊन नाही राहिलं." टाकीतलं पाणी उडतं पण मीठ मागे राहतं, म्हणून रोज साधं पाणी भरायचं, पाणी बदलायचं तर मात्र खारंच हवं, हे मी तिथेच शिकले.

दहाव्याला सुतक फिटलं. रीतीप्रमाणे घरातलं साठवणीचं पाणी ओतून टाकलं, माठ आणि गुंड रिकामे झाले. मग कोणीतरी म्हणालं, "हेबी घरातलंच पाणी होय ना?" टाकीतून चार बादल्या उपसल्या, विहिरीच्या चार ओतल्या. बायका इतक्या मन लावून करत होत्या... दुसऱ्या सकाळी टाकीतला लाल पट्ट्यांचा झिंगा उलटा पडलेला होता.

आता रोज कॉलेजातून परस्पर तिथेच जाते. जेवढं पाणी उडालं, तेवढंच, पण आता साध्याऐवजी खारं पाणी वेगळ्या बादलीत कालवून घालते. खारटपणा एकदम वाढवला तर मासेही जातील. खारटपणा मोजायच्या नळीतून आकडा बघते. पंचविसाच्या जागी सतरा होता, काल तेवीस. तरी चैन पडत नाही. घरी पोचल्यावर वाटतं, आज जास्त तर नाही पडलं?

काल मोठी आई, मोठ्या बाबांची बायको, माझ्याजवळ चहा ठेवून टाकीकडे बघत राहिली. म्हणाली, "झिंगा काहून मेला असंल वं? याइच्या जाण्याचं दुःख झालं असंल का त्याले?"

हो म्हणणं किती सोपं होतं.

"नाही, मोठी आई," मी म्हणाले. "पाणी गोडं झालं म्हणून मेला. बादल्या ओतताना मी दारातच उभी होते. मला माहीत होतं."