गुण उतरले

लाखांदूरजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी गणित शिकवतो. पुढं सांगतोय ते अजून बायकोलाही सांगितलेलं नाही.

बारावीच्या वर्गात एकदा सुवर्ण गुणोत्तर काढलं. रेघेचे असे दोन तुकडे, की अख्ख्या रेघेचं मोठ्या तुकड्याशी जे नातं, तेच मोठ्याचं लहानाशी. एक पूर्णांक सहा दशांशाच्या जरा वर. इथवर गणित होतं. पुढचं मोबाइलवर पाहिलेलं: शंखात, जुन्या देवळांत, सुंदर चेहऱ्यात हेच माप असतं म्हणे. वर्ग जागा झाला, तसा मीही रंगलो. मुलींनीच एकमेकींच्या चेहऱ्यावर दोरा धरायचा. कुठून कुठवर, ते मी सांगायचो. एकीला केसांपासून, दुसरीला भुवईपासून. जिथून आकडा जुळेल, तिथंच माझं बोट जाई.

शेवटच्या बाकावरच्या अबोल मुलीची पाळी आली तेव्हा घंटा झाली. मला एसटी गाठायची होती. पहिलं जे माप आलं ते फळ्यावर लिहिलं आणि म्हणालो, "हिचं गुणोत्तर उतरलं."

गावात पोचेपर्यंत त्याचं झालं, हिचे गुण उतरले. तिच्या लग्नाची बोलणी चालली होती. ती कॉलेजात यायची थांबली.

मी भर दुपारी तिच्या घरी गेलो. आई अंगणात धान पाखडत होती. आतला आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. मुलगी दाराशी आली. कपाळ, भुवया, नाक, हनुवटी, सगळीकडे कोळशाचे ठिपके. काही पुसून खाली घेतलेले. ती बोलायची तेव्हा ठिपके हलायचे, चेहरा नाही.

"कुंडलीत सव्वीस जुळत होते जी," आई म्हणाली. "तुमच्याजवळ येऊन उतरले काहून?"

"ते गुण नाहीत बाई, गुणोत्तर. नुसता आकडा आहे."

"मंग गुण बी आकडाच असते ना जी."

मुलगी म्हणाली, "सर, मी रोज मोजून राहिली. ठिपका खाली घेतला का आकडा येते, वर घेतला का जाते. खरा ठिपका कोनता?"

"खरा असा कोणताच नाही. चेहऱ्यावर इतक्या जागा आहेत, हवं ते माप कुठंतरी निघतंच. त्या दिवशी जागा मीच निवडत होतो."

"बाकीच्या पोरींच्या बी?"

"सगळ्यांच्या."

"हेच तुमी वर्गात सांगान का?"

मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर उभा राहिलो आणि तोंडातून निघालं भलतंच. "तिचं माप चुकलं होतं. परत मोजलं, बरोबर आलं." माझी लबाडी मी दोऱ्याच्या माथी मारली. फळ्याकडे वळलो. मागं इतकं शांत झालं, की परत वळून पाहिलं. बाकाबाकावर मुली समोरासमोर बसलेल्या, मधे ताणलेले दोरे, पापणी कुणाचीच लवत नव्हती. कोणी हसत नव्हतं.

"सर," एकीनं हळूच विचारलं, "परत मोजलं का सगळ्यांचंच येते?"

मी पुढचं उदाहरण लिहायला घेतलं.

हे तिच्या कानावर गेलंच असणार. ती आली ती थेट बोर्डाच्या परीक्षेला, डोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळून. मराठीच्या पेपरला तिच्या खोलीवर पर्यवेक्षक मीच होतो. प्रवेशपत्रावरचा फोटो चेहऱ्याशी ताडून सही करायची असते. तिनं आपणहून स्कार्फच्या गाठीला हात घातला.

"राहू दे," मी म्हणालो, आणि न पाहताच सही केली.