परड्यातले पाइप

आबा कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी दार हलवून बघत. माझं लग्न ठरवायला ते सांगलीला गेले, तेव्हाही बोलणी सुरू व्हायच्या आधीच माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना म्हणाले, "पावणं, ह्ये दार रडाय लागलंय की. जरा खोबरेल आणा." बिजागरीत तेल सोडून, दार उघडून-मिटून, त्याचा आवाज थांबल्याची खात्री झाल्यावरच ते चहाला बसले. सासरे पुढं कित्येक वर्षं सांगायचे, "सून पसंत करायच्या आधी आम्ही व्याही पसंत केला होता."

आबा म्हणजे माझे वडील. आमचं घर कोल्हापूरच्या कसबा बावड्यात. ते साखर कारखान्यात फिटर होते. हंगाम सुरू झाला की त्यांच्या अंगाला मळीचा आंबूस वास यायचा आणि तो धुतला तरी जायचा नाही. निवृत्त झाले तरी गल्लीतल्या कुणाचा तरी मिक्सर, पंप किंवा शिलाई मशीन आमच्या पुढच्या सोप्यात येऊन पडलेलं असायचंच. आबा उकिडवे बसून त्याच्याकडं आधी नुसतं बघत राहायचे. मग म्हणायचे, "बघू की, कुठं अडलंय." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कोणतीही वस्तू बिघडली आहे असं ते कधी म्हणाले नाहीत. त्यांच्या लेखी ती फक्त कुठंतरी अडलेली असायची.

माझी मुलगी रेवा वेळेआधी जन्मली. वर्ष उलटलं तरी ती बसेना, तेव्हा आम्ही तिला एका डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली आहे, पायांचे स्नायू असेच ताठ राहतील. डोक्यानं ती कुणाहून कमी असणार नाही. घरातल्या घरात आधारानं चार पावलं टाकेल, बाहेर मात्र चाकाची खुर्ची लागेल. माझ्या हातातला रुमाल ओला झाला होता. आबा म्हणाले, "बघू की, कुठं अडलंय."

"आजोबा, अडलेलं काही नाही," बाई म्हणाल्या. "ती अशीच आहे."

ते आबांनी ऐकलं नाही. ऐकलं असलं तरी मनावर घेतलं नाही.

माझ्या नवऱ्याची नोकरी पुण्यात आणि मी कोल्हापुरात शिक्षिका. रेवाला सांभाळायला माणसं हवीत म्हणून मी तिला घेऊन आई-आबांकडेच राहू लागले. नवरा शनिवारी यायचा. आबांना जणू नवं काम मिळालं. रेवाच्या मुठीत बसेल असा वाकड्या दांड्याचा चमचा त्यांनी केला. तिला न्हाणीत बसवायला पाठीचा पाट केला. घरातल्या दिव्यांची सगळी बटणं त्यांनी तिच्या हाताला येतील इतकी खाली आणली. आलेले पाहुणे अंधारात भिंत चाचपत राहायचे आणि आई म्हणायची, "खाली वाका, म्हंजे सापडंल."

मग त्यांनी घरामागच्या परड्यात दोन पाइप रोवले. कमरेइतक्या उंचीचे, समांतर, मधे रेवा मावेल एवढी जागा. शाळेतून आली की तिनं त्या पाइपांना धरून चालायचं. व्यायाम डॉक्टरबाईंनीच सांगितलेला होता, पण त्यांनी सांगितलेला थोडा आणि आबांचा संपायचाच नाही. समोर उलटं चालत ते तिला बोलवायचे, "ये, ये, अजून एक. वाघीण हाय की नव्हं माझी." रेवा घामानं भिजायची. लहान होती तोवर हसायची. मोठी झाली तशी ओठ मिटून चालायला लागली.

मी म्हणायची, "आबा, पुरे. तिला खुर्ची आणू या. शाळेत सगळीकडं जाता येईल."

"चाकाची खुर्ची दारात आली की पोरगी बसली म्हणून समज."

"डॉक्टरांनी सांगितलंय ना."

"तू मास्तरीण. पोरगं नापास झालं तर पुढच्या वर्षी बघू म्हणतीस. माझ्याकडं पुढचं वरीस कुठाय?"

या माणसाच्या जिवाला काय लागून राहिलंय, ते मला दिसत होतं. रोज सकाळी तो माणूस तिला पाठुंगळी घेऊन शाळेच्या पायऱ्या चढायचा. धाप लागली की कठड्याला टेकायचा आणि तिला म्हणायचा, "जरा कोण येतंय बघतो."

रेवा सातवीत असताना शाळेत स्नेहसंमेलनाच्या तालमी चालू होत्या. तिला नाटकात काम होतं. त्या दिवशी तालमीला लवकर जायचं म्हणून तिनं व्यायामाला सुट्टी मागितली. आबा म्हणाले, "आज एवढं कर, मग सोडतो." तिनं केलं. शेवटाला पाय वळले, हात सुटला आणि ती अंगाखाली हात घेऊन पडली. मी धावत बाहेर आले तेव्हा आबांनी तिला उचललं होतं. ते रिक्षा थांब्याकडं अनवाणीच निघाले होते.

मनगटाचं हाड मोडलं होतं. नाटक गेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबा तिच्या खाटेशी बसून सांगत होते, "आता पाइपाला रबर लावतो. खाली वाळू टाकतो. पडलीस तरी लागायचं न्हाय बघ."

रेवा कोल्हापूरच्या कुठल्याही मुलीसारखी 'येतो, जातो' करूनच बोलते. ती म्हणाली, "आबा, मी दमलोय."

"मग चार दिस इश्रांती घे."

"तसलं दमणं न्हाय." तिनं प्लास्टरचा हात पोटावर ठेवला. "मैत्रिणी मैदानात कट्ट्यावर बसून डबा खात्यात. मी वर्गात एकटा खातो. मला तिथं जायचंय. तुम्ही म्हणता, चालायला लागलीस की जा. मी न्हाय चालणार, आबा. मला ठाऊक हाय. आईला ठाऊक हाय. तुमालाच कोण सांगत न्हाय."

आबा उठून बाहेर गेले. पुढचे काही दिवस ताट समोर आलं की अर्धी भाकरी खाऊन हात धुवायचे. सोप्यात शेजाऱ्यांचा पंप पडून होता, त्याला हात लावला नाही. आई धास्तावली. मीही.

एका सकाळी करवतीचा आवाज आला. आबा परड्यात पाइप कापत होते. आई पिठाच्या हातानं बाहेर आली.

"काढताय व्हय?"

"व्हय."

"मग आता?"

"आता काय. खुर्ची आणायची."

दुसरा पाइप पडल्यावर ते तिथंच मातीत बसले. मी पाणी घेऊन गेले. त्यांनी तांब्या घेतला नाही. "मला वाटलं हुतं," ते म्हणाले, आणि पुढं काय वाटलं होतं ते सांगितलंच नाही.

खुर्ची आली. शाळेच्या पायऱ्यांवर त्यांनी स्वतः विटा रचून उतरण केली, त्यासाठी मुख्याध्यापकबाईंनी परवानगी देईपर्यंत त्यांच्या दारात बसून राहिले होते. रेवा कट्ट्यावर गेली. घरी येऊन सांगायला तिच्याकडं गोष्टी असायच्या. सगळं चांगलं झालं असं मी म्हणू शकले असते, पण आबांकडं बघून म्हणवत नव्हतं. ती मैत्रिणींबरोबर हसत निघाली की त्यांची नजर तिच्या पायांवर जायची आणि ते चटकन दुसरीकडं बघायचे. एकदा जोतिबाला गेलो होतो. देवळाकडं पायऱ्या उतरून जावं लागतं, म्हणून ते तिच्याजवळ वरच थांबले होते. मी दर्शन घेऊन वर आले तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ल्हान असताना जास्त करून घेतलं असतं, तर?"

"नाही आबा. तरीही नाही."

"व्हय," ते म्हणाले. पण पुन्हा काही महिन्यांनी तेच विचारलं.

रेवा कॉलेजात गेली त्या वर्षी आबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं अडखळायला लागलं. आम्ही त्यांच्यासाठी खुर्ची आणली, पण ते बसेनात. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. आईनं विनवलं, माझ्या नवऱ्यानं समजावलं, मी रागावले. उपयोग शून्य.

शेवटी रेवा आपली खुर्ची त्यांच्या खाटेला लावून बसली. "आबा, ह्यात बसलं की माणूस संपतंय असं वाटतंय का तुमाला?"

त्यांचं तोंड भिंतीकडंच होतं.

"मग मी काय हाय?"

मग आबा तिच्याकडं वळले आणि त्यांनी डावा हात वर केला. मी आणि आईनं धरून त्यांना खुर्चीत बसवलं. तेव्हापासून संध्याकाळी दोघं परड्यात शेजारी शेजारी बसायची. ती त्यांना कॉलेजातलं सांगायची आणि ते समजल्यासारखं मान हलवायचे.

शेवटच्या आठवड्यात मी त्यांना पेज भरवत होते. एक घास गिळून त्यांनी माझं मनगट धरलं. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. "माझ्यामागं... आपल्यामागं... तिचं कसं?"

होईल सगळं नीट, असं सांगता आलं असतं. पण आयुष्यभर प्रत्येक सांधा हलवून बघणाऱ्या माणसाला ते वाक्य ढिलं आहे हे कळलंच असतं. मी म्हणाले, "मला ठाऊक नाही, आबा. मलाही भीती वाटते." त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, मनगट सोडलं आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.

ते गेले तेव्हा पाऊस थांबून ऊन पडलं होतं. अंगण माणसांनी भरलं. तिरडी उचलायच्या वेळी रेवानं आपली खुर्ची पुढं घेतली. एक म्हातारे चुलते म्हणाले, "पोरीला कुठं नेताय? वाट चिखलाची हाय."

"मी येणार," रेवा म्हणाली.

मीही तिच्याबरोबर निघाले. स्मशानाच्या वळणावर खुर्चीची चाकं चिखलात रुतली. आबांच्या कारखान्यातली माणसं मागून चालत होती. ती माणसं पुढं झाली आणि रेवाला खुर्चीसकट उचलायला वाकली. रेवाचा चेहरा रडून सुजला होता. तिनं दोन्ही चाकं घट्ट धरली.

"उचलू नका," ती म्हणाली. "मागनं नुसतं ढकला. वळवायचं मी बघतो."