चाकूरकडच्या गावातला निकाल

लातूर जिल्हा नवा झाला आणि त्याच्या मागोमाग माझी नांदेडहून तिथं बदली झाली. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेची प्रमुख. कागदावर पद मोठं होतं. प्रत्यक्षात भाड्याच्या घरातल्या तीन खोल्या, एक जुना सूक्ष्मदर्शक आणि कोरडा नळ. पाणी तपासायच्या जागी काचेची भांडी धुवायला पाणी नसावं, याचं पहिले आठ दिवस मला हसू आलं. नंतर आलं नाही.

नवरा विष्णुपुरीच्या धरणावर कामाला होता, म्हणून बिऱ्हाड नांदेडलाच राहिलं. शनिवारी दुपारी एसटी धरायची, सोमवारी सकाळी परत यायचं. त्या वर्षीही पावसानं दगा दिला होता. विहिरी आटल्या तशा गावोगाव बोअर खोल खोल जात होते आणि त्यांच्या पाण्याच्या बाटल्या माझ्या टेबलावर येत होत्या. खोलातल्या पाण्यात फ्लोराइड सापडत होतं. ते मुलांचे दात पिवळे-तपकिरी करतं, पुढं हाडंही धरतं.

अशात एका मोठ्या शहरातल्या प्राध्यापकांचं पत्र आलं. चाकूरकडच्या एका गावात मुलांचे दात तपासायचे, लघवीचे नमुने घ्यायचे. स्थानिक जबाबदारी माझी. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? रोजच्या बाटल्यांत बुडालेल्या बाईला कुणीतरी पुन्हा शास्त्रज्ञ म्हणत होतं.

तीन दिवस आम्ही शाळेत होतो. गावाबाहेरच्या वस्तीतली एक बाई दोन लेकरांना घेऊन आली. नमुने देऊन झाल्यावर तिनं विचारलं, "बाई, हे नेऊन काय करून राहिले तुम्ही?"

"तपासणार. पाण्यात काय दोष आहे ते कळेल."

"कळल्यावर आम्हाला सांगायला येनार का?"

"येणार," मी म्हणाले.

बोअरच्या पाण्याचा आकडा मी त्याच आठवड्यात काढला. फ्लोराइड नको तितकं होतं. पण सगळा अहवाल एकत्र यायचा होता, म्हणून थांबले. अहवाल यायला पावसाळा कोरडा गेला, दिवाळी गेली. छान बांधणीचा, इंग्रजीत. माझं नाव चौथं होतं. मी प्राध्यापकांना फोन करून विचारलं, गावाला कोण सांगणार? ते म्हणाले, "अहवाल शासनाकडे गेलाय. पुढचं त्यांचं काम."

मग मी आमच्या साहेबांकडे गेले. ते वाईट माणूस नव्हते. सकाळपासून टँकरच्या मागण्या ऐकून त्यांचा आवाज बसला होता. "दुसरं पाणी द्यायला आहे का आपल्याकडं?" त्यांनी विचारलं. "नाही ना? मग सांगून घबराट कशाला? तुम्ही शास्त्रज्ञ आहात, पुढारी नाही."

मी परत आले आणि गप्प बसले. ते सोयीचंही होतं. पंधरा दिवसांनी त्या गावातून एक बाटली आली. तिच्या गळ्याला सुतळीनं चिठ्ठी बांधली होती, गावातल्या दुकानदार आप्पांच्या अक्षरात: 'बोअरच्या पाण्याचा निकाल लागला का? बाया विचारतात.'

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी एसटीनं निघाले. पिशवीत परीक्षानळ्या आणि तांबडं रसायन होतं.

आप्पांच्या दुकानाच्या ओट्यावर बैठक भरली. कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेले आप्पा वजनकाटा बाजूला सारून बसले. बायका खाली उभ्या राहिल्या. मी दोन नळ्यांत पाणी घेतलं, एकीत बोअरचं, दुसरीत गावातल्या जुन्या आडाचं, आणि दोन्हींत रसायन टाकलं. आडाचं पाणी तांबडं राहिलं. बोअरच्या पाण्यातला तांबडा रंग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उडून पिवळा पडला.

"हे कधी कळलं तुम्हाला?" वस्तीतल्या त्या बाईनं विचारलं.

"तुमच्याकडून गेले त्याच आठवड्यात."

"म्हंजे आमची लेकरं तवापासून हेच पिऊन राहिली, अन् तुम्ही कागदाची वाट बघत होता?"

"हाव," मी म्हणाले.

आप्पा मधे पडले. "आडात हातभर पानी हाय बाई. गाळ काढला तर लेकरांपुरतं निघंल."

"आडावर आम्हाला कोन चढू देनार?" ती बाई म्हणाली. बोअर सरकारी होता, सगळ्यांचा. आड गावाचा होता आणि वस्तीनं त्याला कधी हात लावलेला नव्हता. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सहा महिने मी आकडे बघितले होते.

"आडात टाकायला ब्लीचिंग पावडर मी देणार," मी म्हणाले, "आणि पाणी चांगलं असल्याचं लेखीही मीच देणार. आड सगळ्यांचा नसला तर माझी सही मिळायची न्हाई." शास्त्रात असलं काही बसत नव्हतं.

बराच वेळ कुरबुर झाली. शेवटी आप्पा उठले. "पाळ्या लावू," एवढंच म्हणाले.

पाळ्या लागल्या. लहान लेकरांच्या घरी आधी घागर, बाकीच्यांनी बोअर वापरायचा. पण वस्तीची पाळी कायम शेवटची. तोवर आडात गढूळच उरायचं. मी दर पंधरवड्याला जायची, भांडायची. उन्हाळ्याच्या अखेरीस काही काळ दर दुसऱ्या दिवशी वस्तीची पाळी पहिली लागली. मग पुन्हा शेवटची. नळयोजना फार वर्षांनी आली. तोवर त्या मुलांचे दात जे व्हायचे ते होऊन गेले होते.

साहेबांनी माझ्याकडून लेखी खुलासा मागवला. मी दिला. त्यांनी तो वाचला, टेबलाच्या खणात टाकला आणि म्हणाले, "पुन्हा जाताना जीप घेऊन जात जा."

पुढं प्रत्येक बाटलीचा निकाल साध्या मराठीत लिहून गावाला पाठवायची पद्धत मी सुरू केली. माझी बदली झाली तशी ती बंद पडली. नव्या जागी पुन्हा सुरू केली, तिथंही तेच झालं. नांदेडला मोठ्या पदावर आले तेव्हा संशोधनाचे प्रस्ताव मंजुरीसाठी माझ्यासमोर यायचे. प्रत्येकाच्या शेवटी एक ओळ ठरलेली असायची: 'निष्कर्ष लोकांपर्यंत पोहोचवले जातील.' मी तिच्यापुढं पेन्सिलीनं लिहायची, 'कोण जाणार? कधी?' किनवटच्या एका वसतिगृहातल्या मुलींच्या तपासणीच्या प्रस्तावावर असं लिहिलं तेव्हा तो पाठवणारी तरुण डॉक्टरीण चिडून माझ्या खोलीत आली. "मॅडम, आमच्याकडं माणसं कुठं आहेत?"

मी तिला बसायला सांगितलं. माणसं माझ्याकडंही नव्हती. आम्ही चहा घेतला आणि किनवटच्या गाडीची वेळ बघितली.